घरच्या घरी अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोडायझिंग: रंगाच्या आधीचे काम

अ‍ॅल्युमिनियमचा जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे ती वस्तू, सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडवला आणि डीसी पुरवठ्याच्या धन टोकाला जोडला की त्याच्या पृष्ठभागाचेच ऑक्साइड होऊ लागते. हेच अ‍ॅनोडायझिंग. त्याच वेळी आम्ल हे ऑक्साइड थोडे थोडे विरघळवत असते. बनणे आणि विरघळणे या ओढाताणीत थरात अतिसूक्ष्म नळ्यांसारखी छिद्रे उभी राहतात. रंग बसतो तो या छिद्रांत. शेवटी उकळत्या पाण्यात ऑक्साइड पाणी शोषून फुगते, छिद्रे बुजतात आणि रंग आत बंद होतो.

एवढे नीट समजले तर पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण आपोआप कळते. रंग डागाळला, फिका आला, बोटाला लागला म्हणजे रंगाची पूड खराब असा समज होतो. बहुतेक वेळा चूक रंगाच्या बरीच आधी झालेली असते, आणि ती दोनच जागी सापडते: तारेचा जॉबशी असलेला संपर्क आणि बाथचे, म्हणजे जॉब बुडवायच्या आम्लाचे, तापमान. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

कोणता धातू घ्यावा

सुरुवात ६०६३ वर करावी. खिडक्या-दारांच्या सेक्शनचा हाच मिश्रधातू. बाजारात त्याला एचई-९ असेही म्हणतात. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या कोणत्याही फॅब्रिकेटरकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, फक्त ते मिल फिनिश, म्हणजे वरून कोणताही थर न दिलेले, आहेत ना हे पाहावे. पावडर कोटिंग केलेले किंवा आधीच अ‍ॅनोडाइज झालेले तुकडे सरावासाठी त्रासाचे. ओळखायला मल्टिमीटर पुरतो: दोन्ही प्रोब पृष्ठभागावर आडव्या टेकवल्या आणि बीप आला तर धातू उघडा आहे. प्रोबचे टोक दाबू नये, ते थर भेदून खोटा बीप देते.

६०६१ आणि ६०८२ (एचई-३०) उत्तम. ५०५२ चा पत्राही चांगला. ७०७५ वर थर येतो, पण त्यात किंचित पिवळसर झाक असते. २०१४ (एचई-१५) आणि २०२४ मध्ये तांबे जास्त, त्यामुळे थर मऊ आणि रंग मळकट येतो. ओतीव भाग, म्हणजे एलएम-६ किंवा एडीसी-१२ चे कास्टिंग, नवशिक्याने हाती घेऊच नये. त्यांतले सुमारे १० ते १३ टक्के सिलिकॉन ऑक्साइड होत नाही, जागेवरच राहते आणि जॉब राखाडी-काळपट दिसतो. जुन्या बाजारातून आणलेला भंगारातला तुकडा कोणत्या जातीचा हे डोळ्यांनी कळत नाही. महत्त्वाचा जॉब करायचा असेल तर त्याच बारच्या कापलेल्या तुकड्यावर आधी पूर्ण प्रक्रिया करून पाहावी.

जॉबमध्ये स्टीलचा स्क्रू, पितळी इन्सर्ट किंवा स्प्रिंग राहिली तर सगळा करंट तिथून वाहतो. ती वस्तू विरघळते, बाथ खराब होतो आणि अ‍ॅल्युमिनियमवर काहीच थर येत नाही. आधी सगळे सुटे करावे.

सामान

८ लिटर बाथसाठी १० ते १२ लिटरची जाड प्लास्टिकची उभी बादली किंवा चौकोनी डबा पुरे. त्याहून मोठा एक टब बाहेरून, थंड पाण्यासाठी. पुरवठा शक्यतो करंट स्थिर ठेवता येईल असा, ३० व्होल्ट ५ किंवा १० अँपिअरचा बेंच पॉवर सप्लाय. पुण्यात तापकीर गल्ली आणि बुधवार पेठेच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तो मिळतो. गाडीच्या बॅटरीचा चार्जर वापरून थर येतो खरा, पण करंट आपल्या हातात राहत नाही आणि थराची जाडी मोजता येत नाही. सप्लायवर पैसे घालावेत, बाकी गोष्टींत काटकसर चालते.

कॅथोड म्हणून, म्हणजे ऋण टोकाला जोडायला, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या दोन पट्ट्या बादलीच्या समोरासमोरच्या भिंतींना लावाव्यात. शिशाची शिफारस जुन्या लिखाणात सापडते. घरी ती नको, कारण शिशाचा गाळ विषारी असतो आणि त्याची विल्हेवाट घरगुती पातळीवर लावता येत नाही. काम संपल्यावर पट्ट्या बाहेर काढून धुवून ठेवाव्यात, नाहीतर त्या आम्लात झिजत राहतात.

याशिवाय तापमापक, बॅटरीचा हायड्रोमीटर, पीएच पट्ट्या, माशांच्या टाकीचा हवेचा पंप आणि नळी, धुण्यासाठी तीन बादल्या, स्टीलचे एक पातेले (यापुढे स्वयंपाकात वापरायचे नाही), कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चारही बाजूंनी बंद असलेला गॉगल आणि रबरी किंवा प्लास्टिकचा एप्रन. हवेचा पंप नेहमी बाथच्या पातळीपेक्षा वर ठेवावा. खाली ठेवला आणि लाइट गेली तर नळीतून आम्ल उलटे पंपात उतरते.

आम्ल बॅटरीच्या दुकानातून, १.२५ घनतेचे तयार घ्यावे. ९८ टक्क्यांचे तीव्र आम्ल घरी आणण्याचे काहीही कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर आम्ल विकताना दुकानदाराला खरेदीदाराचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी लागते. ओळखपत्र सोबत न्यावे. आम्ल कशासाठी हवे असे विचारले तर सरळ सांगावे.

जागा

उघडी गच्ची किंवा मोकळी गॅलरी. बंद बाथरूम नको, गॅस गीझरजवळ तर मुळीच नको. बाथमध्ये ५ अँपिअर करंट चालू असताना कॅथोडवर तासाला साधारण सव्वादोन लिटर हायड्रोजन सुटतो. मोकळ्या हवेत तो क्षणात निघून जातो, कोंडलेल्या जागेत पेट घेऊ शकतो. बुडबुडे फुटताना आम्लाचे बारीक तुषारही उडतात. ते घशाला लागतात आणि जवळचे लोखंड गंजवतात, म्हणून सप्लाय वाऱ्याच्या उलट बाजूला दूर ठेवावा. लहान मुले आणि पाळीव प्राणी त्या दिवशी गच्चीवर येणार नाहीत अशी व्यवस्था आधी करावी. शेजारी भरलेली पाण्याची बादली आणि खायच्या सोड्याचा अर्धा किलोचा पुडा उघडून ठेवावा. सोडा सांडलेल्या आम्लासाठी. अंगावर किंवा डोळ्यांत गेले तर फक्त पाणी, भरपूर आणि किमान पंधरा-वीस मिनिटे, आणि डोळ्यांचे असेल तर त्यानंतर थेट डॉक्टर.

बाथ बनवणे

८ लिटर बाथसाठी साडेचार लिटर डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेले) पाणी आधी बादलीत घ्यावे. त्यात साडेतीन लिटर बॅटरीचे आम्ल बारीक धारेने, ढवळत ढवळत ओतावे. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही. मिश्रण गरम होईल. थंड होऊ द्यावे. यातून लिटरला सुमारे १८० ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल मिळते. थंड झाल्यावर हायड्रोमीटर १.११ च्या आसपास दाखवेल, बॅटरीच्या हायड्रोमीटरच्या पट्टीवर हे अगदी तळाशी येते.

नळाचे पाणी वापरू नये. त्यातल्या क्लोराइडमुळे जॉबवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा तर प्रश्नच नाही. धुण्याच्या पहिल्या बादलीला महापालिकेचे पाणी चालते. रंगाच्या आधीचे शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्यात.

अगदी कोऱ्या बाथमध्ये पहिले एक-दोन जॉब जरा असमान येतात, कारण त्यात विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम नसते. १०-१५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे रात्रभर बाथमध्ये सोडून ठेवले की ही अडचण जाते. झाकण सैल ठेवावे, घट्ट बंद करू नये.

साफसफाई

अ‍ॅनोडायझिंग काहीही लपवत नाही. ओरखडा, टूलची खूण, बोटाचा ठसा, सगळे रंगाखालून दिसते. हवा तो फिनिश आधीच करून घ्यावा: मॅट हवा तर ३२० ते ४०० नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने, चकचकीत हवा तर १२०० पर्यंत आणि मग बफिंग. बफिंगचा मेणचट साबण छिद्रांच्या कोपऱ्यांत राहतो, तो रॉकेल किंवा थिनरने आधी काढावा आणि जॉब पूर्ण वाळवून मगच पुढे जावे.

मग भांडी घासायचे लिक्विड आणि गरम पाणी, मऊ ब्रश. इथून पुढे उघड्या हाताने जॉबला शिवायचे नाही. पाण्यातून उचलल्यावर पाण्याचा पडदा अखंड राहिला पाहिजे. कुठे पाणी फाटून थेंब झाले तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा घासावे.

त्यानंतर कॉस्टिक सोडा, लिटरला ५० ग्रॅम, साधारण ५० अंश तापमानाला, अर्धा ते एक मिनिट. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात कॉस्टिक ठेवू नये, भांडेच खाल्ले जाते. जॉबवरून जोरात फेस येतो, तो हायड्रोजन असतो आणि त्यासोबतचे तुषार डोळ्यांना आम्लापेक्षाही वाईट. बफ केलेला जॉब असेल तर १० सेकंदांवर थांबावे, नाहीतर चकाकी जाते. बाहेर काढल्यावर राखाडी-काळी काजळी दिसते. ही मिश्रधातूतली न विरघळलेली मंडळी. ६०६३ वर ती थोडीच असते आणि वाहत्या पाण्याखाली मऊ स्पंजने निघते. ६०६१ आणि ६०८२ वर चिकटून बसते. कारखान्यात ती नायट्रिक आम्लात काढतात. घरी नायट्रिक टाळायचे असेल तर कॉस्टिकचा वेळ आणखी कमी करावा आणि स्पंजने जास्त वेळ घासावे. काजळी राहिली की तिथे रंग ढगाळ येतो.

तार आणि संपर्क

करंट जॉबपर्यंत पोचतो तो तार जिथे टेकते त्या एवढ्याशा जागेतून. तारेवरही थर चढत असतो आणि तो थर वीज वाहू देत नाही. जॉब किंचित हलला, तार सरकली, तर जुन्या स्पर्शाच्या जागी ऑक्साइड आणि नव्या जागीही ऑक्साइड. करंट बंद. बाहेरून काही दिसत नाही, बुडबुडे तारेवरून येतच राहतात, आणि पाऊण तासाने हाती येतो तो रंग न घेणारा जॉब.

म्हणून तार अ‍ॅल्युमिनियमचीच, दोन ते तीन मिलिमीटर जाड, आणि जॉबमध्ये ताणून अडकलेली हवी. नुसती टांगलेली चालत नाही. सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे जॉबला आटे असतील तर त्यात अ‍ॅल्युमिनियमचा आटे पाडलेला रॉड कसून बसवणे. आटे नसतील तर तारेचे टोक हातोडीने चपटे करून, छिद्रापेक्षा जरा रुंद ठेवून ठोकून बसवावे. तांब्याची तार बाथच्या पाण्याला लागता कामा नये, ती विरघळते. तांबे आणि क्रोकोडाइल क्लिप दोन्ही पाण्याच्या वरच. जिथे तार टेकते तिथे छोटासा उघडा डाग राहतोच. तो न दिसणाऱ्या जागी येईल असे आधी ठरवावे. तार एकदा वापरली की पुढच्या जॉबला नवी तार, किंवा जुनीचे टोक कॉस्टिकमध्ये बुडवून थर काढून. टायटॅनियमचे हँगर मिळाले तर ते वर्षानुवर्षे टिकतात, पण सुरुवातीला गरज नाही.

करंटचा हिशोब

व्होल्टेजवर अवलंबून राहू नये, क्षेत्रफळावरून करंट ठरवावा. घरगुती बाथला १.२ अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर हा आकडा चांगला. एक चौरस डेसिमीटर म्हणजे १० × १० सेंटिमीटर. थराच्या जाडीचे सूत्र सोपे आहे: अँपिअर प्रति चौरस डेसिमीटर गुणिले मिनिटे, भागिले ३, बरोबर मायक्रॉन.

उदाहरण घेऊ. १०० × ६० × ५ मिलिमीटरची पट्टी. दोन मोठे चेहरे १२,००० चौरस मिलिमीटर, कडा १,६००. एकूण १३,६००, म्हणजे १.३६ चौरस डेसिमीटर. करंट १.३६ × १.२, साधारण १.६ अँपिअर. बुडालेल्या तारेचेही क्षेत्रफळ मिळवून १.७ धरावा. १५ मायक्रॉन हवे असतील तर १५ × ३ ÷ १.२, म्हणजे ३७-३८ मिनिटे. हलक्या रंगांना १० ते १२ मायक्रॉन पुरतात. काळ्याला १८ ते २० हवेत, म्हणजे ४५ ते ५० मिनिटे. कमी केले तर काळ्याऐवजी जांभळट-करडा मिळतो.

जॉब धन टोकाला, कॅथोड ऋण टोकाला. उलटे जोडले तर जॉबवर काहीच थर येत नाही आणि कॅथोडच अ‍ॅनोडाइज होतात. करंट दोन-तीन मिनिटांत हळूहळू पूर्ण मूल्याला न्यावा. एकदम दिला तर तारेजवळ आणि धारदार कडांवर पांढरी जळकी भुकटी दिसते. धारा आधीच कानसीने किंचित गोल केलेल्या बऱ्या.

यानंतर सप्लायच्या व्होल्ट मीटरवर लक्ष ठेवावे, तो आतली सगळी गोष्ट सांगतो. करंट स्थिर असताना व्होल्टेज चढत जाऊन १२ ते १६ च्या दरम्यान कुठेतरी रेंगाळले तर सर्व ठीक. व्होल्टेज झटकन सप्लायच्या कमाल मर्यादेला भिडले आणि करंट कोसळला, तर संपर्क सुटला. व्होल्टेज ८-९ च्या वर जातच नाही, तर क्षेत्रफळ कमी मोजले गेले आहे किंवा बाथ तापला आहे. संपर्क सुटलेला जॉब तार हलवून तसाच पुढे चालवू नये. काढून, कॉस्टिकमध्ये थर उतरवून, पहिल्यापासून करावा.

लाइट गेली तर जॉब आम्लात सोडू नये, करंट नसताना आम्ल थर खात राहते. काढून साध्या पाण्यात ठेवावा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याचा संभव जास्त, तेव्हा तो दिवस टाळलेला चांगला.

तापमान

बाथ २० ते २२ अंश. २४ च्या पुढे विरघळण्याचा वेग वाढतो, थर मऊ होतो, आणि २६-२७ ला तर खडूसारखी पूड बोटाला लागते. असा थर रंग भरपूर पितो, त्यामुळे सुरुवातीला जॉब सुंदर दिसतो. नंतर घासल्यावर रंगासकट निघतो. १८ च्या खाली थर कठीण होतो पण छिद्रे बारीक राहून रंग फिका येतो.

बाथ स्वतःच तापतो. १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे ७५ वॅट. पाऊण तासात ८ लिटर बाथचे तापमान ६ ते ७ अंशांनी वाढायला ते पुरेसे आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या सकाळी हे काम जवळपास फुकट होते, १५-१६ अंशांवरच्या बाथला २० पर्यंत यायचे असते एवढेच. एप्रिल-मे महिन्यांत सावलीतले पाणीच तिशीत असते. तेव्हा बाहेरच्या टबात बर्फ घालावा आणि बाथमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या घट्ट बंद बाटल्या, बाहेरून स्वच्छ धुऊन, सोडाव्यात. बाटली गळली तर बाथ पातळ होतो, म्हणून जुनी चेपलेली बाटली नको. हवेचा पंप सतत चालू हवा; नाहीतर तापमापक २१ दाखवतो आणि जॉबला चिकटलेला पाण्याचा थर बराच गरम असतो.

रंग

करंट बंद करून जॉब लगेच काढावा. थंड पाण्यात दोनदा धुवावा. गरम पाणी इथे चालत नाही, छिद्रे बुजायला लागतात. बंद टोकाची छिद्रे आणि आटे इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी मारून धुवावेत. तिथे अडकलेले आम्ल नंतर हळूहळू झिरपते आणि छिद्राभोवती रंग उडालेले वर्तुळ दिसते. मग अर्धा मिनिट खायच्या सोड्याच्या पाण्यात (लिटरला ३० ग्रॅम), आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात.

रंग अ‍ॅनोडायझिंगसाठी बनवलेलाच घ्यावा. लिटरला ५ ग्रॅम, काळ्यासाठी १०. तापमान ५० ते ५५ अंश. पीएच ५ ते ६. हलक्या छटेला एक-दोन मिनिटे, गडद रंगाला १० ते १५. जॉब हलवत राहावे, तळाशी टेकू देऊ नये. ६० च्या वर पाणी गेले तर रंग भरण्याआधीच छिद्रे मिटू लागतात. धुणे आणि रंग यांत जॉब वाळू देऊ नये, वाळलेल्या जागी डाग पडतो. उन्हात राहणाऱ्या वस्तूला काळा किंवा सोनेरी द्यावा. गुलाबी, जांभळे लवकर विटतात.

सीलिंग

पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. सीलिंगला, म्हणजे छिद्रे बुजवायला, ९६ च्या वर हवे, म्हणजे इथे उकळी खळखळती ठेवावीच लागते, मंद आच पुरत नाही. वेळ मायक्रॉनला २ ते ३ मिनिटे. १५ मायक्रॉनला अर्धा ते पाऊण तास. पाणी डिस्टिल्डच, कारण नळाच्या पाण्यातले सिलिकेट आणि फॉस्फेट सीलिंग अडवतात. पाणी रंगत असेल तर रंग बाहेर येतो आहे. अशा रंगांना पहिली दहा-पंधरा मिनिटे नुसती वाफ द्यावी, वेगळे ठेवलेले मोदकपात्र यासाठी झकास, आणि मग पाण्यात सोडावे. निकेल अ‍ॅसिटेटचे सीलिंग लवकर होते, पण निकेलची विषारी संयुगे घरात आणू नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

काढल्यावर पांढुरकी साय दिसली तर खनिज तेलाचा थेंब घेऊन मऊ कापडाने पुसावी. सील झाले का हे पाहायला मार्करचा ठिपका आतल्या बाजूला द्यावा, मिनिटभराने ओल्या कापडाने आणि मग स्पिरिटने पुसावा. ठिपका राहिला तर पुन्हा उकळत्या पाण्यात.

मापाच्या जॉबचे एक लक्षात ठेवावे. थराचा साधारण एक तृतीयांश भाग बाहेर वाढतो, बाकीचा धातू खाऊन आत. १५ मायक्रॉनला प्रत्येक बाजू ५ मायक्रॉनने फुगते. बेअरिंगच्या जागेला हे जाणवते. आणि बिघडलेला थर कॉस्टिकने उतरवून पुन्हा केला की दर वेळी प्रत्येक बाजूने किमान १० मायक्रॉन धातू जातो. आटे सैल होतात. दुसऱ्या फेरीनंतर आट्यांच्या जॉबचा नाद सोडावा.

उरलेले आम्ल

बाथ लवकर फेकायची गरज नसते. विरघळलेले अ‍ॅल्युमिनियम लिटरला १५-२० ग्रॅमपर्यंत जाईतो तो चालतो, घरच्या कामाला म्हणजे बराच काळ. झाकण लावलेल्या, नाव आणि तारीख लिहिलेल्या कॅनमध्ये कुलपात ठेवावा.

टाकायची वेळ आलीच तर तसाच मोरीत ओतू नये. पाइप खराब होतात आणि गटारातले पाणी शेवटी मुळा-मुठेलाच मिळते. मोठ्या टबात आधी दुप्पट पाणी घेऊन त्यात आम्ल ओतावे आणि धुण्याचा सोडा मूठ मूठ टाकावा. ८ लिटर बाथला सुमारे १.६ किलो सोडा लागतो. फेस जोरात वर येतो, म्हणून टब अर्धाच भरलेला असावा आणि घाई करू नये. पीएच पट्टी ६ ते ८ दाखवेपर्यंत थांबावे. पांढरा चिकट गाळ तळाला बसतो, तो अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. रात्रभर निवळू द्यावे, वरचे पाणी भरपूर पाण्यासोबत सोडावे, गाळ कापडात गाळून वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावा. तांबे किंवा पितळ चुकून बाथमध्ये पडले असेल आणि पाण्याला निळसर छटा आली असेल, तर ते पाणी गटारात सोडायचे नाही. भोसरी-चिंचवड भागातल्या जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या युनिटला विचारून त्यांच्या सांडपाणी प्रक्रियेत देता येते का पाहावे.